डिझाईन शिकवणाऱ्या मॅडमची ११ महिन्यांची ऑर्डर: नूतनीकरण ठरवायचं कशावर?

काळीमाती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमचं आर्किटेक्चर कॉलेज वर्धा आणि यवतमाळच्या मधल्या पट्ट्यात आहे, तालुक्याच्या गावाबाहेर. चहूकडे कापूस न् तूर, फाटकासमोर एसटीचा थांबा, आणि चांगला ट्रेसिंग पेपर हवा असेल तर तासभर प्रवास. मी इथे बारा वर्षांपासून शिकवतो. यंदा कंत्राटी शिक्षकांच्या नूतनीकरणाच्या समितीत माझं नाव आलं. समिती पाच जणांची, फाइली तीन. दोन फाइलींबद्दल कुणाचं दुमत नाही. तिसरीनं माझी झोप उडवली आहे, म्हणून हा धागा.

ज्यांची ही फाइल, त्या मॅडम चौथ्या सेमचा डिझाईन स्टुडिओ घेतात. तीन वर्षं झाली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे लिहू का, हे त्यांना आधी विचारलं. "लिहा, पण माझ्या चुका गाळू नका," असं त्या म्हणाल्या.)

फाइलीत काय आहे? विद्यार्थ्यांचा अभिप्राय पाचपैकी ३.१, तिघांत सगळ्यात कमी. शोधनिबंध एकही नाही. निकाल दरवर्षीसारखाच. 'इतर योगदान' या रकान्यात एकच ओळ: ग्रामीण घरांची मोजणी. आणि एक लेखी तक्रार, इंटर्नलचे मार्क तीन आठवडे उशिरा भरल्याची. अशा फाइलीचा फैसला पाच मिनिटांत होतो, हे मी पाहिलेलं आहे. सरासरीवर नजर टाकायची, मान हलवायची, सह्या करायच्या.

आता फाइलीत जे नाही ते सांगतो.

मागच्या सत्रात मी काही कामानं त्यांच्या स्टुडिओत गेलो होतो. एका मुलानं घरकुल काढलं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढ्यात त्यानं हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, संडास, न्हाणी सगळं बसवलं होतं. शीट देखणी होती, सावल्या टाकलेल्या, अंगणात झाड. मॅडम स्टूल ओढून त्याच्या टेबलाशी बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "घरी शेती किती?"

"पाच एकर."

"कापूस?"

"तीन एकरात."

"वेचला की भरता कुठं?"

"समोरच्या खोलीत."

"या घरात दाखव बरं."

त्यानं पेन्सिल उचलली. हॉलवर नेली, बेडरूमवर नेली, पुन्हा हॉलवर आणली आणि खाली ठेवली. मॅडमनी विचारलं, "मग भाव येईपर्यंत झोपता कुठं?" तो म्हणाला, "मागच्या सपरीत. कापसाच्या खोलीत खाज सुटते, मॅडम." त्यांनी त्याच्या शीटवर बटर पेपर (खालचं आरपार दिसतो तो पातळ कागद) अंथरला, दोन कोपऱ्यांना टेप लावली, पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि पुढच्या टेबलावर गेल्या. त्याच्या एकाही रेघेला हात लावला नाही.

सोमवारी तो घरची खोली मोजून आला. १० बाय १२. वेचणी झाली की पाटनीला (वरच्या लाकडी माळ्याला) टेकेपर्यंत भरते म्हणाला. म्हणजे १२० चौरस फूट. घरकुलाचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या कापसाचा! तिथून त्याचं डिझाईन फिरलं. कापसाच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार आलं, गाडी थेट लागेल असं. चूल तिच्यापासून लांब गेली, कारण एक ठिणगी पुरते. झोपायची खोली मागे सरकली, तिला उत्तरेकडून झरोका मिळाला. हा प्लान सातव्यांदा काढल्यावर तसा झाला.

आणि अभिप्रायाच्या कागदांत कुणीतरी लिहिलं आहे: "एकच प्लान सात वेळा करायला लावतात." दुसरा: "बरोबर की चूक ते मॅडम सांगत नाहीत."

आता चुका. मार्क उशिरा भरले हे खरं आहे. आणि मागच्या वर्षीच्या जुरीत, म्हणजे मुलं आपलं काम मांडतात त्या तपासणीत, बाहेरच्या परीक्षकांसमोर, त्या एका मुलीला म्हणाल्या, "हे मॉडेल उचल आणि बाहेर ठेव." मुलगी चार दिवस कॉलेजला आली नाही. त्या जुरीत मी बाजूच्या खुर्चीवर होतो. मी काही बोललो नाही, ते मला अजून टोचतं.

बैठक तीन आठवड्यांनी आहे. डिझाईनच्या शिक्षकाचं काम मोजायचं कशानं, हे ज्यांनी केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

तासिकेवाली

सर, मी पण विदर्भातल्याच एका कॉलेजात कंत्राटी आहे. आधी चार वर्षं तासिका तत्त्वावर होते. तुमच्या प्रश्नाच्या आधी माझा एक प्रश्न: त्यांच्याकडे मुलं किती आणि त्या एकट्याच आहेत का? वास्तुकला परिषदेच्या मानकांप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. काम मोजायच्या आधी काम किती टाकलं ते लिहा.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ऑर्डर ११ महिन्यांची असते. अभिप्रायाचे फॉर्म मार्चच्या आसपास भरून घेतात. त्यामुळे आम्हा कंत्राटी लोकांची शिकवण्याची पद्धत जानेवारीतच बदलते. शीट परत करायला लावायची हिंमत होत नाही. "छान आहे, पुढे जा" म्हटलं की मुलं खूश, आपण सुरक्षित. मी स्वतः असं केलेलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. तुमच्या मॅडम मार्चपर्यंत सातवा प्लान मागत राहिल्या, तर त्यांनी स्वतःची ऑर्डर पणाला लावली होती हे समितीनं लक्षात घ्यावं.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांवर नसावेत आणि त्यांचं मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावं असं लिहिलं आहे. आमच्याकडे या दोन्हींतलं काय पाळलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या माणसाला नियमाप्रमाणे पगार नाही त्याच्याकडून शोधनिबंध मात्र नियमाप्रमाणे मागायचे, हे मला पटत नाही.

वणीकर_पालक

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझी मुलगी दुसऱ्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांचा कोर्स, वरून मॉडेलचं सामान, प्रिंट, प्लॉट, साइट व्हिजिट. आम्ही सोयाबीन विकून फी भरतो. तुम्ही उशिरा भरलेल्या मार्कांचा उल्लेख एका वाक्यात केला. सर, ते एका वाक्याचं प्रकरण नाही. इंटर्नल वेळेवर गेले नाहीत की निकाल अडकतो. निकाल अडकला की महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी मार्कशीट लागते ती नसते. मग आम्ही तारखा गाठण्यासाठी कामं सोडून कॉलेजच्या ऑफिसात उभे राहतो. ज्या बाईंना तीन एकर कापूस घरात कुठं मावतो हे कळतं, त्यांना हेही कळायला पाहिजे.

आणि कडक शिक्षक म्हणजे चांगला शिक्षक असं आपल्याकडे सरसकट धरतात, ते सोडा. माझी मुलगी एकदा जुरीहून आली आणि दोन दिवस बोलली नाही. तिला काय चुकलं हे अजून माहीत नाही. तिला फक्त अपमान माहीत आहे. जुरीत रडवून कुणी इमारत बांधायला शिकत नाही.

काळीमाती (धागाकर्ता)

@तासिकेवाली, मुलं ३८, आणि त्या एकट्या. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

@वणीकर_पालक, राग कसला. शिष्यवृत्तीची बाजू माझ्या डोक्यात आलीच नव्हती. उद्याच ऑफिसात विचारतो की त्या तीन आठवड्यांत किती मुलांचे फॉर्म अडले.

बटरपेपर

मी सध्या नागपुरात एका आर्किटेक्टकडे काम करते, शिकले अमरावतीकडे. मला फक्त अभिप्रायाच्या फॉर्मबद्दल सांगायचं आहे.

आमच्या फॉर्मवर प्रश्न असे असायचे: शिक्षक वर्गात वेळेवर येतात का, अभ्यासक्रम पूर्ण करतात का, फळ्यावरचं अक्षर स्पष्ट असतं का, शंकांचं निरसन करतात का. डिझाईन स्टुडिओत फळा नसतोच! आम्ही मग काहीतरी भरून टाकायचो. "शंकांचं निरसन" या प्रश्नाला मी माझ्या डिझाईनच्या सरांना पाचपैकी दोन दिले होते, कारण मी काही विचारलं की ते मलाच उलट विचारायचे. तेव्हा ते उत्तर प्रामाणिक होतं. आजही त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीला मी दोनच देईन. पण ऑफिसात क्लायंटसमोर बसल्यावर मला प्रश्न सुचतात, माझ्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या मुलीला सुचत नाहीत, आणि तिच्या सरांना तिनं पाच दिले होते. हे दोन्ही फॉर्मवर कुठं लिहिणार?

सर, तुमच्या कॉलेजचा फॉर्म एकदा काढून बघा.

दख्खनी

पुण्यात शिकवतो. अशा समित्यांवर बऱ्याचदा बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर जगभर बरंच काम झालं आहे. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेच्या हवाईदल अकादमीतला अभ्यास, २०१० साली प्रसिद्ध झालेला. तिथे विद्यार्थ्यांना शिक्षक चिठ्ठी टाकल्यासारखे वाटून दिले जातात, त्यामुळे हुशार मुलं हुशार शिक्षकाकडे गेली असं म्हणायला जागा नाही. ज्या शिक्षकांना मुलांनी चांगले गुण दिले, त्यांच्या मुलांना त्या विषयात चांगले मार्क मिळाले. पण पुढच्या वर्षीच्या, त्यावर उभ्या असलेल्या विषयांत तीच मुलं मागे पडली. ज्यांना कमी गुण मिळाले होते त्या शिक्षकांची मुलं पुढे टिकली.

दुसरा एक लहान प्रयोग २०१५ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनातला. ऑनलाइन वर्ग होता, शिक्षकाचा चेहरा दिसत नव्हता. एकाच शिक्षकानं एका गटाला पुरुष म्हणून आणि दुसऱ्या गटाला बाई म्हणून शिकवलं. पुरुषाच्या नावाला जास्त गुण पडले, मार्क परत करायची वेळ सारखी असूनही. लहान प्रयोग आहे, त्यावर सगळा भार टाकू नका. पण कडक बाईला आणि कडक पुरुषाला मुलं एकाच मापानं मोजत नाहीत हे आपण स्टाफरूममध्येही पाहतो. २०१८ साली टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठात हा वाद लवादापर्यंत गेला आणि शिकवण्याचा दर्जा ठरवायला, बढती किंवा कायम नेमणूक देताना, अशा सरासऱ्या वापरू नयेत असा निर्णय झाला. मुलं जे सांगू शकतात ते त्यांना विचारा: मार्क कधी मिळाले, शिक्षक टेबलाशी आले का, बोलणं कसं होतं. शिकवण्याची गुणवत्ता मात्र त्यांना विचारून कळत नाही.

करायचं काय, तर माझा अनुभव सांगतो. जुरीच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळेच नाटकात असतात. साध्या दिवशी दोनदा जा आणि पूर्ण वेळ बसा. त्यानंतर मुलांच्या शीट्स मागवा. पहिल्या नंबरच्या नको, तो कुणाकडेही शिकला असता. शेवटचाही नको. मधल्या मार्कांची तीन मुलं निवडा आणि त्यांचं सत्राचं सगळं काम, कच्च्या बटर पेपरसकट, तारखेप्रमाणे मांडा. मधल्या मुलाच्या कागदांवर शिक्षक दिसतो.

ओळंबा

राम राम जी. सरांनी हा धागा पाठवला, माह्या पोरीनं वाचून दाखवला. मी बोलून रायलो, थे लिहून रायली.

मी मिस्तरी मानूस, कालेजचं आपल्याले काही समजत नाई. पन या मॅडमचे पोट्टे माह्या साइटवर आले होते, थे सांगतो. याच्या आंधी बॅचा येत, फोटू काढत अन् जात. या मॅडमनं लेकराइले भर उन्हायात आनलं. मले वाटलं, कायले पोराइचे हाल करून रायली ही बाई. मंग त्याइनं काय केलं, बाजूच्या काळ्या वावरात भेगा पडल्या होत्या, त्याइत बायडिंगची तार सोडाले लावली. तार जाऊन रायली, जाऊन रायली, दोन हात गेली! एका पोरीनं इचारलं, काका, मंग पाया कुठवर? मी म्हनलो, मुरूम लागेवर. तिनं लिहून घेतलं.

पानी पडल्यावर तेच पोट्टे पुन्हा आले अन् तीच जागा पायली. भेगा बुजल्या होत्या, जमीन फुगून वर आली होती. काळ्या मातीतलं घर कावून चिरते, थे त्याइच्या डोयानं त्याइनं पायलं. माह्या तीस वर्साच्या कामात एकाच जागेवर दोनदा येनारा कोनी नाई भेटला.

पन त्या पोरीले चार लोकाइत मॉडेल बाहेर ठेव म्हनलं, थे काही बरोबर नाई केलं. आमी नव्या गड्यालेबी असं नाई बोलत. गडी दुसऱ्या दिवशी येत नाई.

काळीमाती (धागाकर्ता)

दहा दिवसांनी लिहितो आहे. बरंच केलं, आणि काही गोष्टी मला अपेक्षित नव्हत्या त्या दिसल्या.

आधी @बटरपेपर: फॉर्म काढून पाहिला. "फळ्यावरील हस्ताक्षर" आमच्याही फॉर्मवर आहे. मॅडमना त्यात पाचपैकी २.४ मिळाले आहेत. ज्या स्टुडिओत फळा नाही तिथे त्यांनी काहीच लिहिलं नाही म्हणून त्यांची सरासरी खाली आली, आणि ती सरासरी तीन वर्षं आम्ही सगळे सही करून पुढे पाठवत होतो.

@वणीकर_पालक: सहा मुलांचे फॉर्म अडले होते. दोघांना त्या वर्षीची रक्कम फार उशिरा मिळाली. मॅडमना हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मार्क अडल्यावर पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग @दख्खनी सरांनी सांगितल्याप्रमाणे मार्कांच्या यादीच्या मधून तीन रोल नंबर काढले आणि त्यांचं सत्राचं काम व्हरांड्यात जमिनीवर तारखेप्रमाणे मांडलं. वारा होता, म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. शिपाईभाऊ मदतीला होते. दोन रांगा बघून मन भरून आलं. पहिल्या रांगेत सत्राच्या सुरुवातीला मुलीनं काढलेली भिंत म्हणजे नुसती एक रेघ होती. सत्राच्या मध्यापर्यंत त्या रेघेला जाडी आली, पुढे तिच्यात कोनाडा आला, आणि शेवटच्या शीटवर पश्चिमेची भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा जाड होती. कुठेही मॅडमच्या हाताची रेघ नाही. फक्त कडेला पेन्सिलनं लहान अक्षरात प्रश्न: "चार वाजता इथे बसून बघितलं का?"

तिसरी रांग मात्र सरळ होती. पहिली शीट आणि शेवटची शीट यांत फरक एवढाच की शेवटचीला रंग होता. इंटरनेटवरून उचललेला बंगला, काच, उतरतं छत, बाजूला पोहण्याचा तलाव. हा मुलगा झरीकडचा, घरी कोलामी बोलतो, वर्गात फारसं बोलत नाही. मी त्याला गाठून विचारलं, तुझं घर कशाचं आहे? "कुडाचं," म्हणाला, आणि हातातली शीट उलटी केली. कूड केवढा जाड असतो विचारलं तर चार बोटं दाखवली. बांबूच्या कामट्या कशा विणतात, माती-शेणाचं लिंपण कधी करतात, खालून वाळवी लागू नये म्हणून काय करतात, सगळं त्याला माहीत होतं. दहा मिनिटं तो बोलत होता. एवढं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी दोन दिवस स्टुडिओत पूर्ण वेळ बसलो. दुपारी दीड ते पाच. २१० मिनिटांत ३८ मुलं, म्हणजे प्रत्येकाला साडेपाच मिनिटं. पण तसं होत नाही. जो मुलगा वाद घालतो त्याच्या टेबलाशी मॅडम बारा-पंधरा मिनिटं रमतात. गप्प बसणाऱ्याला दोन मिनिटं. झरीच्या मुलाच्या टेबलाशी त्या दोन्ही दिवसांत पोचल्याच नाहीत, घंटा झाली.

त्याच संध्याकाळी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी त्यांची वही काढली. प्रत्येक मुलामागे एक पान, कुठल्या दिवशी काय बोलणं झालं त्याची नोंद. कापूसवाल्या मुलाच्या पानावर बावीस ओळी होत्या. झरीच्या मुलाच्या पानावर तीन. त्या बराच वेळ ते पान बघत राहिल्या. "मी यालाच चुकवला," एवढंच म्हणाल्या.

आता माझी खरी अडचण ही आहे. हे अहवालात लिहिलं तर त्यांच्या विरोधात वापरलं जाईल. लिहिलं नाही तर मी त्या मुलाशी बेइमानी करतो.

बांधकाम_निवृत्त

लिहा, सर. पण आकड्यांसकट लिहा. ३८ मुलं, एक शिक्षक, २१० मिनिटं हे आधी, आणि मग मुलगा. कारण आणि परिणाम एकाच परिच्छेदात असले की वाचणाऱ्याला एक सोडून दुसरं उचलता येत नाही. ३४ वर्षं सरकारी टिपणं लिहिली, त्यावरून सांगतो.

शोधनिबंधांच्या रिकाम्या रकान्याबद्दलही बोलू द्या. वर्ध्याच्या आसपास बसून घरांच्या मोजणीला कमी लेखणं मला सहन होत नाही. १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला आले, आणि माती, बांबू, कवेलू (कौलं) यांतून नीट घर कसं करावं हा विचार याच मातीत झाला. सेवाग्रामची बापूकुटी उन्हाळ्यात दुपारी आत जाऊन बघा. घर आसपासच्या पाच मैलांतल्या सामानातून व्हावं, असं गांधीजी म्हणाल्याचं वास्तुविशारद लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले. वर्ध्याच्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंतून कमानी छतं उभी करून दाखवली. हे सगळं आधी कुणीतरी घरोघरी जाऊन पाहिलं, मोजलं, म्हणून झालं.

बुलढाणा-अकोल्याकडची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं माझ्या डोळ्यांदेखत पडत गेली, वर स्लॅब आले. त्यांची मोजणी आम्ही ठेवली नाही. तुमच्या मॅडमकडे मोजलेल्या घरांच्या शीट्स असतील, त्यावर माप, तारीख, गाव असेल, तर त्या शीट्स निबंधाच्या रकान्यात लावा. किती घरं मोजली आहेत?

काळीमाती (धागाकर्ता)

तीन वर्षांत ४१ घरं. सगळ्यांवर माप, उत्तर दिशा, तारीख आणि मोजणाऱ्या मुलांची नावं आहेत. एक जुना गुंडाळा उंदरांनी कुरतडला आहे, तो आता स्कॅन करून घेतो आहे.

तासिकेवाली

सर, बैठक झाली का? काय झालं ते नक्की लिहा. आमच्यासारखे बरेच जण वाचत आहेत.

काळीमाती (धागाकर्ता)

काल झाली. अडीच तास चालली, बाकीच्या दोन फाइलींना मिळून दहा मिनिटं लागली.

मी तीन पानांचं टिपण नेलं होतं आणि पहिल्या रांगेतल्या मुलीच्या भिंतीचे चार बटर पेपर सोबत जोडले होते. अध्यक्ष म्हणाले, "वरच्यांना आकडा लागतो, कागद नाही." मी म्हटलं, आकडा आहेच, फक्त तो कशाचा आहे ते खाली लिहू या. मग फॉर्म वाचून दाखवला. फळ्याच्या प्रश्नापाशी त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. बाहेरून आलेल्या सदस्या जुरीच्या प्रसंगावर अडून बसल्या, आणि त्यांचं म्हणणं मला मान्य होतं. मी तिथे होतो आणि गप्प बसलो, हे मी टिपणात लिहिलं होतं. ते वाचून झाल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

नूतनीकरण झालं. पुढचे ११ महिने. सोबत अटी लेखी आहेत आणि मॅडमनी त्यावर स्वतः एक अट वाढवली. इंटर्नलचे मार्क सत्र संपल्यापासून दहा दिवसांत. जुरीत आधी विद्यार्थी बोलणार, मग परीक्षक, आणि काम बाजूला ठेवायला कुणी सांगणार नाही. मोजलेल्या घरांची नोंद शैक्षणिक काम म्हणून धरली जाईल. स्टुडिओला दुसरा शिक्षक मागितला होता, तो आठवड्यातून दोनच दिवस मिळाला, तासिकेवर. त्यांनी वाढवलेली अट अशी की त्यांची वही महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकानं बघावी आणि ज्या पानावर कमी ओळी आहेत त्या मुलापासून पुढचा दिवस सुरू व्हावा.

झरीच्या मुलाबद्दलचा परिच्छेद मी @बांधकाम_निवृत्त काकांनी सांगितल्याप्रमाणेच लिहिला, आकडे आधी. एका सदस्यानं तो गाळायला सुचवलं. मॅडम बाहेर बसल्या होत्या, त्यांना आत बोलावून विचारलं. "राहू द्या," म्हणाल्या.

मधला खंड मात्र तसाच आहे. जुनी ऑर्डर संपते आणि नवी सुरू होते, त्यात एक महिना जातो, त्याचा पगार नाही. तो मुद्दा आपल्या हातातला नाही असं सांगून टाकलं गेलं. मी माझं मत लेखी नोंदवून घेतलं आहे. ४१ घरांच्या शीट्स तोवर माझ्या कपाटात आहेत.

वणीकर_पालक

दहा दिवसांची अट घातली, त्याबद्दल आभार, सर.

तासिकेवाली

स्टुडिओसाठी नवा फॉर्म केला असेल तर प्रश्न इथे टाका ना. आमच्या विभागप्रमुखांना दाखवते.

काळीमाती (धागाकर्ता)

केला आहे, चौथ्या सेमच्या मुलांना सोबत घेऊन. फार मोठा नाही. मार्क कोणत्या तारखेला कळले? शीट परत करायला लावली तेव्हा का, ते समजलं का? तुमच्या गावातल्या, घरातल्या कुठल्या गोष्टीवर या सत्रात बोलणं झालं? जुरीत तुमचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं का? साइटवर गेलात तेव्हा काय मोजलं? गुण द्यायचे नाहीत, दोन-दोन ओळी लिहायच्या.

शेवटचा प्रश्न झरीच्या मुलानं सुचवला. फॉर्मवर त्याच्याच शब्दांत ठेवला आहे: या सत्रात सर किंवा मॅडम तुमच्या टेबलाशी किती वेळा बसले?